खोटा मासा

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी एक लाकडी टी-जॉइंट आणि एक लोखंडी चौकोन कानस मारून मारून केला. तो चौकोन आत्ता कुठे आहे? माझा माझ्या आजोळी मालवणला आहे, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली ठेवतात. एवढाच काय तो वर्कशॉपचा उपयोग, असं मी दीड वर्ष समजत होते. या लेखात त्याचा दुसरा उपयोग सांगायचा आहे.

आधीच एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी ही आठवी ते दहावी फक्त "सेकंड लँग्वेज". त्यामुळे "लूर"ला शुद्ध मराठीत काय म्हणायचं ते मला येईना. शब्दकोशात "आमिष" सापडलं, पण आमिष म्हणजे कोळंबी, गांडूळ, कणकेची गोळी, म्हणजे मासा जे खरंच खातो ते. लूर कोणी खात नाही, लूर खाण्यासारखा *दिसतो*. शेवटी मामानेच प्रश्न सोडवला. तो त्याला "खोटो मासो" म्हणतो. मीही तेच म्हणणार आहे.

तर मामा. मामाची रिक्षा आहे, आणि सकाळी-संध्याकाळी दोन-दोन तास कर्लीच्या खाडीवर गरवणं हा त्याचा शौक. शौक म्हटलं तरी घरातलं संध्याकाळचं कालवण बऱ्याचदा त्यातूनच येतं. पूर्वी तो जिवंत कोळंबी लावायचा. मग कुणा पाहुण्याने त्याला एक विकतचा खोटा मासा दिला आणि त्यावर पहिल्याच आठवड्यात चोणक लागला. (रायगडवाले त्याला जिताडा म्हणतात. मासा तोच, भांडण नको.) झालं! मामा त्या प्लास्टिकच्या माशाच्या प्रेमात पडला. पण खाडीच्या तळाशी खडक असतात, कालवं असतात, जुनी जाळी अडकलेली असतात. मागच्या मे महिन्यात माझ्या डोळ्यांदेखत त्याने दोन दिवसांत तीन खोटे मासे गमावले. एकेक सहाशे-साडेसहाशे रुपयांचा. तिसरा तुटला तेव्हा तो काही बोलला नाही, नुसती दोरी गुंडाळत राहिला. मामी मात्र रात्री जेवताना बोलली.

आणि मी, मेकॅनिकल सेकंड इयर, ताटावरच जाहीर करून बसले, "मामा, मी करून देते ना तुला! लाकडाचा तुकडा आणि दोन गळ, त्यात काय आहे?"

त्यात काय आहे, ते आता सांगते.

मासा फसतो कसा?

फिनलंडमध्ये लाउरी रापाला नावाचा एक गरीब कोळी होता. पैयान्ने नावाच्या मोठ्या सरोवरात होडी वल्हवत तो मासे धरायचा. त्याने एक गोष्ट पाहिली. छोट्या माशांचा थवा जात असला की मोठा शिकारी मासा थव्यावर सरसकट तुटून पडत नाही, जो एखादा लंगडत, डगमगत पोहतो त्यालाच उचलतो. १९३६ मध्ये रापालाने बुचाच्या लाकडातून चाकूने असा डगमगणारा मासा कोरला. वरून चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि त्यावर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. म्हणजे जगातला सर्वांत प्रसिद्ध खोटा मासा भंगारातूनच झालेला आहे! पुढे ऑगस्ट १९६२ मध्ये अमेरिकेतल्या "लाइफ" मासिकात त्याच्यावर लेख आला. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकत्याच वारलेल्या मेरिलिन मन्रोचा फोटो होता, त्यामुळे अंक तुफान खपला आणि रापालाकडे ऑर्डरींचा ढीग पडला. मार्केटिंगवाल्यांनी लक्षात घ्यावं.

थोडक्यात, रंग ही दुय्यम गोष्ट आहे. आधी हालचाल. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, ती नुसती नक्षी नाही. त्या पार्श्वरेषेने त्याला पाण्यातली थरथर कळते. गढूळ खाडीत, पहाटेच्या अंधारात तो आधी ही थरथर ऐकतो आणि जवळ आल्यावर डोळ्यांनी बघतो. विकतच्या खोट्या माशांवर जे सुंदर रंगकाम असतं ते निम्मं तरी दुकानात आलेल्या माणसाला पकडण्यासाठी असतं, असं माझं मत आहे.

मेसचा चमचा

कधीच काही केलं नसेल तर चमच्यापासून सुरुवात करा. चमच्याचा खोटा मासा फार जुना आहे. १८५२ मध्ये अमेरिकेत ज्युलिओ ब्युएल नावाच्या माणसाने त्याचं पेटंट घेतलं. होडीत जेवताना त्याच्या हातून चमचा पाण्यात पडला आणि बुडताना लकाकणाऱ्या चमच्यावर मासा झेपावला, अशी गोष्ट सांगतात.

स्टीलचा छोटा चमचा घ्या (मेसमधला नको, डिपॉझिट कापतात). दांडा हॅकसॉने कापा. दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा. स्टेनलेस स्टील ड्रिलला चावत नाही, म्हणून आधी सेंटर पंच मारा, आरपीएम कमी ठेवा, थेंबभर तेल सोडा. कडा कानसून गुळगुळीत करा, नाहीतर तीच दोरी कापेल. एका टोकाला स्प्लिट रिंग आणि गळ, दुसऱ्या टोकाला रिंग आणि दोरी. संपलं. खोलगट भागामुळे चमचा ओढताना आपोआप डोलतो. नुसताच गरगर फिरत असेल तर तुम्ही फार वेगाने ओढताय, किंवा खोलगटपणा जास्त आहे. हातोडीने हलकेच दोन ठोके मारून थोडा चपटा करा.

चमचा मामाला आवडला नाही. "ह्यां भांडी घासूक ठेव," म्हणाला. म्हणून लाकूड.

लाकूड आणि आर्किमिडीज

परदेशात यासाठी बाल्सा वापरतात. आपल्याकडे कोकणात पांगारा आहे, काटेरी, लाल फुलांचा, कुंपणाला लावतात तो. लाकूड इतकं मऊ की भाजीच्या सुरीने कोरता येतं. मी सुकलेल्या फांदीतून १०० × २५ × २५ मिमीचा ठोकळा काढून तोलला, तो २० ग्रॅम भरला. घनफळ ६२.५ घनसेंमी, म्हणजे घनता ०.३२. पण हा *माझा* पांगारा. तुमचा तुम्ही तोला. ओलं लाकूड घेतलंत तर सगळी गणितं पाण्यात (शब्दशः!).

त्यातून ९० मिमी लांब आणि मध्ये १८ मिमी जाड असा मासा कोरला. आता याचं घनफळ कसं काढायचं? आकार वेडावाकडा, इंटिग्रेशन नको. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या. त्यावर पाण्याने अर्धा भरलेला ग्लास ठेवा, आकडा शून्य करा. लाकडी मासा टाचणीला टोचून पूर्ण पाण्याखाली धरा, ग्लासच्या तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काट्यावर जितके ग्रॅम वाढतील तितकंच घनसेंमी घनफळ. माझा आकडा १४ आला. हे का होतं ते स्वतः विचार करून बघा. मला फ्लुइड मेकॅनिक्सच्या तोंडी परीक्षेत याच प्रश्नावर पूर्ण मार्क मिळाले, आणि त्या पेपरातला तो एकच आनंदाचा क्षण होता.

आता हिशोब. लाकूड १४ × ०.३२ म्हणजे साधारण ४.५ ग्रॅम. तार, रंग, लेप मिळून १.७. तीन टोकांचे दोन गळ रिंगांसकट ३.२. ओठ (तो पुढे येतोच) ०.६. एकूण १०. बाहेर सारलेलं पाणी मात्र १४ नाही, कारण गळ आणि ओठही जागा व्यापतात. तो जवळजवळ ०.९ घनसेंमी धरला तर १४.९. म्हणजे गोड्या पाण्यात अधांतरी राहायला अजून ४.९ ग्रॅम वजन हवं. मला खडकांच्या जागेसाठी तरंगणारा मासा हवा होता, कारण ओढणं थांबवलं की तो आपोआप वर आला पाहिजे, अडकता कामा नये. म्हणून निम्मंच, अडीच ग्रॅम शिसं घातलं.

इथे एक गंमत आहे. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५. म्हणजे तोच मासा समुद्रात ०.३७ ग्रॅमने "हलका" होतो. हॉस्टेलच्या बादलीत जो मासा छान अधांतरी उभा राहतो तो भरतीच्या वेळी खाडीत वर तरंगून येणार! उपाय सोपा आहे, लिटरला ३५ ग्रॅम मीठ या हिशोबाने बादलीत मीठ घाला. दहा लिटरला ३५० ग्रॅम. माझी रूममेट विचारत होती, लोणचं घालतेस का.

शिसं वितळवू नका. हे मी मुद्दाम ठळकपणे सांगते, कारण अनेक जण गॅसवर वाटीत शिसं वितळवतात. त्याचा धूर आणि धूळ विषारी असते, आणि साच्यात पाण्याचा एक थेंब जरी असला तरी वाफ होऊन उकळतं शिसं तोंडावर उडतं. त्याची गरजच नाही. पागाच्या जाळ्याला लावायचं शिसं मिळतं, ते हातोडीने चेपून, कापून भोकात बसवा आणि नंतर हात साबणाने धुवा. नाहीतर सायकलवाल्याकडचे छर्रे वापरा. ते शिशापेक्षा हलके असतात, त्यामुळे भोक मोठं लागतं, पण बिनविषारी. आणि भोकात थोडे सैल ठेवले तर खुळखुळतात, गढूळ पाण्यात तेही बरं.

वजन *कुठे* ठेवायचं, यात माझे दोन मासे वाया गेले. पहिल्यात मी भोक पोटाला न पाडता बाजूने पाडलं, का तर तिथे ड्रिल धरायला सोपं होतं. तो मासा एका कुशीवर पोहायचा. मामाने खाडीत दोनदा ओढून बघितला आणि म्हणाला, "काय गो, ह्यो तुझो मासो दारू पियालो काय?" बुडालेल्या वस्तूचं गुरुत्वकेंद्र तिच्या उत्प्लावन-केंद्राच्या *खाली* असलं पाहिजे, तरच ती सरळ राहते. हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं! दुसऱ्यात शिसं पोटालाच घातलं, पण शेपटीकडे. तो फेकायला मस्त, बाणासारखा लांब जायचा, पण पाण्यात डोलेचना. शेपूट जड झाली की डोकं डावी-उजवीकडे हलत नाही. आता मी शिसं मध्याच्या किंचित पुढे, पोटाच्या गळाजवळ घालते.

तिसरा मासा

तिसरा मासा छान पोहला. त्याची गोष्ट सांगायला मला अजूनही बरं वाटत नाही, पण लेखातला सर्वांत उपयोगी भाग तोच आहे.

गळ अडकवायला मी लाकडात छोटे पितळी आकडे पिळून बसवले होते, कॅलेंडर टांगायला वापरतात तसे. घट्ट बसले होते, हाताने ओढून निघत नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भरती लागताना मामाने तो मासा फेकला आणि चौथ्या-पाचव्या फेकीला काठी वाकली. मोठा होता. एकदा पाण्याबाहेर आला, बाजू चांदीसारखी चमकली, मामा "चोणक, चोणक!" ओरडला, मी किनाऱ्यावर उड्या मारतेय... आणि काठी सरळ झाली. दोरी गुंडाळून आणली तर माझा मासा होता, पोटाचा गळ होता. शेपटीचा गळ आकड्यासकट उपटून गेला होता. लाकडात फक्त एक स्वच्छ भोक.

मला वाटलं मामा मासा गेल्याबद्दल चिडेल. तो म्हणाला, "मासो गेलो तेचा काय नाय. पण तेच्या तोंडात आपली गरी ऱ्हवली, तेचा काय?"

गळ दोरीला असताना मासा सुटला तर सुटला. पण तीन टोकांचा गळ तोंडात घेऊन जो मासा जातो तो कदाचित खाऊ शकत नाही. आणि मी तर "गंजणार नाहीत" म्हणून कौतुकाने स्टेनलेसचे गळ आणले होते, म्हणजे तो लवकर झिजून पडणारही नाही. त्या रात्री मी दुसरं काही केलं नाही.

हॉस्टेलला परत आल्यावर जे आधी करायला हवं होतं ते केलं. तसाच आकडा पांगाऱ्याच्या तुकड्यात बसवला, त्याला बादली टांगली आणि मगाने पाणी ओतत गेले. पाच लिटरच्या आसपास आकडा उपटला. मामाच्या रीळाचा ब्रेक तीन-चार किलोला सुटतो, त्यामुळे कागदावर पाच किलो पुरेसे वाटतात. पण स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सचं पहिलंच युनिट आठवा. अचानक लावलेला भार हा हळूहळू लावलेल्या भाराच्या *दुप्पट* ताण देतो. मासा बादलीसारखा हळूहळू भरत नाही, तो हिसका देतो.

त्यामुळे आता एकच नियम. लाकडावर कधीही भार येऊ द्यायचा नाही. १ मिमीची स्टेनलेस तार घ्या. पक्कडीने नाकाशी एक वेढा, मग पोटाशी खाली लोंबणारा एक वेढा, शेपटीशी एक वेढा, अशी सलग एकच तार वळवा. माशाच्या पोटाला मधोमध लांबीभर हॅकसॉने खाच पाडा, तार आत बसवा, शिसंही त्याच खाचेत, आणि वरून दोन नळ्यांचं एपॉक्सी भरा. झटपट सुकणारं नको, हळू सुकणारं घ्या, त्याची पकड जास्त. आता लाकूड फुटून वेगळं झालं तरी दोरीपासून गळापर्यंत तार अखंड राहते. ही रचना मी पूर्ण १५ लिटरच्या बादलीने तपासली. पाच मिनिटं लटकली, तारेचे वेढे किंचित लांबट झाले, बस्स. वेढ्याचं टोक मूळ तारेला निदान तीन वेळा पिळा, नाहीतर उघडतो. आणि गळ साधे, गंजणारे. दर महिन्याला बदलावे लागले तरी चालेल.

ओठ

खोट्या माशाच्या हनुवटीला जी पारदर्शक जीभ असते तिला मी ओठ म्हणते. तोच सगळं करतो. पाणी ओठावर आपटतं, कडेने आळीपाळीने भोवरे सुटतात, आणि डोकं डावी-उजवीकडे हलतं.

ओठासाठी पॉलिकार्बोनेट लागतं. ते विकत आणू नका, जुन्या सीडी पॉलिकार्बोनेटच्याच असतात, जाडी १.२ मिमी. आपल्या लायब्ररीत जुन्या पुस्तकांच्या पाठीमागे चिकटवलेल्या... नको, संपादक हे छापणार नाहीत. घरातल्या घ्या. वरचा चंदेरी थर चिकटपट्टीने ओरबाडून काढा, गरम पाण्यात बुडवून मग कात्रीने कापा, थंड कापली तर तडकते. कडा पॉलिशपेपरने घासा.

ओठ जितका उभा, म्हणजे माशाच्या अंगाशी काटकोनाच्या जवळ, तितका मासा वरच्या वर राहतो आणि जोरात डोलतो. ओठ जितका पुढे झोपलेला आणि लांब, तितका मासा खोल जातो. मामाच्या जागेला पाणी फार तर पाच-सहा फूट, म्हणून आम्ही उभाच ठेवला.

आता जरा डोकं चालवू. भोवरे किती वेगाने सुटतात याला स्ट्राउहाल आकड्याचं सूत्र आहे: वारंवारता = स्ट्राउहाल × वेग ÷ रुंदी. गोल दांड्यासाठी स्ट्राउहाल साधारण ०.२. माझा ओठ १५ मिमी रुंद. रीळाच्या एका फेऱ्याला ६० सेंमी दोरी येते, सेकंदाला एक फेरा, म्हणजे वेग ०.६ मी. प्रतिसेकंद. उत्तर आलं सेकंदाला ८ वेळा. मग हॉस्टेलमागच्या टाकीत मासा ओढून मोबाइलवर स्लो-मोशन व्हिडिओ काढला, सेकंदाला २४० फ्रेम. एका पूर्ण डोलण्याला ३८ ते ४० फ्रेम लागत होत्या, म्हणजे सेकंदाला सहाच्या थोडं वर. ८ कुठे आणि ६ कुठे! सरांना दाखवलं. सर म्हणाले, "ओठ हा दांडा आहे का? सपाट पट्टी आहे. तिच्यासाठी ०.१५ च्या आसपास घे." घेतलं. ६ आलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं गणित आणि जग यांची भेट झाली. (सर लगेच म्हणाले की अंग, शेपूट, गळ यांचाही परिणाम असतो, फार हुरळू नकोस. सर असेच आहेत.)

चांदी आणि लेप

पॉलिशपेपर मारल्यावर लाकडाला आधी सँडिंग सीलरचे दोन हात द्या, नाहीतर लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि लेपाला भेगा पडतात. मग रापालासारखी चांदी. स्वयंपाकाचं फॉइल कानशीवर ठेवून अंगठ्याने दाबा, हुबेहूब खवले उठतात. ते चिकटवा. पाठ काळ्या-हिरव्या मार्करने रंगवा, पोट तसंच ठेवा. मामाची एकच सूचना होती, "डोळो मोठो कर." डोळा केला मोठा.

शेवटचा लेप एपॉक्सीचा. तो सुकेपर्यंत खाली ओघळतो आणि पोटाला थेंब जमतो. म्हणून मासा सतत फिरवत ठेवावा लागतो. मी पहिल्यांदा हाताने फिरवला, पाऊण तास, मॅथ्सची पीडीएफ समोर ठेवून. नंतर भंगारवाल्याकडे बंद पडलेल्या मायक्रोवेव्हच्या थाळीखालची मोटर मिळाली, मिनिटाला पाच-सहा फेरे, अगदी हवी तशी. काही २३० व्होल्टवर चालतात, काही कमीवर, त्यावर छापलेलं वाचा आणि जोडणी इलेक्ट्रिकलच्या मित्राकडून तपासून घ्या. बाकीचा मायक्रोवेव्ह स्वतः उघडू नका, त्यातला कपॅसिटर बंद असतानाही जीवघेणा असतो. मोटर सुटी काढलेलीच मागा.

जुन्याची दुरुस्ती

नवा करायचा नसेल तर आहे तो सुधारा. मासा ओढताना एका बाजूला पळतो? नाकाचा वेढा पक्कडीने *उलट* दिशेला केसभर वाकवा. उजवीकडे जात असेल तर डावीकडे. केसभर म्हणजे खरंच केसभर. फार खोल जातो? ओठ कानसून थोडा आखूड करा, पण दोन्ही बाजू सारख्या. वरती तरंगतो? पोटाच्या गळाच्या दांडीवर शिशाची किंवा तांब्याची तार गुंडाळा आणि मिठाच्या बादलीत बघत बघत एकेक वेढा वाढवा. सारखा अडकतो? तीन टोकांच्या गळाऐवजी एकेरी गळ लावा. खडकात कमी अडकतो आणि मासा सोडायचा झाला तर सोपं. पण गळ बदलला की वजन बदलतं, बादली परत काढा.

आमच्या वर्गातल्या नांदेड-परभणीच्या मुलांचा प्रश्न होता की आमच्याकडे खाडी नाही, आम्ही काय करायचं. तुमच्याकडे तळ्यात मरळ आहे ना? मरळीला बेडूक लागतो. तुटलेली हवाई चप्पल घ्या, अंगठ्याएवढा बेडूक कापा, खाली खाच पाडून दोन टोकांचा गळ असा बसवा की टोकं वर, पाठीला चिकटून राहतील. मग तो शेवाळावरून, कमळाच्या पानांवरून न अडकता सरकतो. मागे रबरबँडच्या दोन तंगड्या. खर्च शून्य, फक्त मरळीने तोंडात घेतल्यावर लगेच हिसका मारू नका, तिला तोंड मिटू द्या.

आणि गळाबद्दल एक. काम करताना गळ *सर्वांत शेवटी* लावा. माझ्या रूममेटने टेबलावरचा अर्धवट मासा बाजूला सारला आणि गळ तर्जनीत काट्याच्या पलीकडे गेला. ओढून काढायचा नसतो, काटा उलटा मांस फाडतो. आम्ही तसंच ऑटोत बसून डॉक्टरकडे गेलो, त्यांनी बधिर करून काढला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. आता मी सगळ्या गळांचे काटे आधीच पक्कडीने दाबून टाकते. मामा म्हणतो त्याने मासे सुटतात. सुटू देत. सुटला तर गळासकट जात नाही.

दिवाळीत पाचवा मासा घेऊन मालवणला गेले. मामाने तो हातात घेतला, तारेचे तिन्ही वेढे एकेक करून ओढून बघितले, नखाने डोळा खरवडून बघितला. मग खिशातून चाकू काढून ओठाची एक कड माझ्यासमोर किंचित तासली. मी आत्ताच सांगितलं ना, दोन्ही बाजू सारख्या! पण मी गप्प बसले. त्याने फेकला. मासा थोडा डावीकडे झुकून, मध्येच अडखळून, परत सरळ होऊन आला. माझ्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त लंगडा, जास्त खरा.

त्या संध्याकाळी किलोभराची तांबोशी मिळाली. चोणक नाही. तिसऱ्या दिवशी पाचवा मासा पुलाखालच्या खडकात अडकला तो अडकलाच. मामाने दोरी तोडली, माझ्याकडे वळून म्हणाला, "आणखी दोन करून हाड."

सहावा मोटरवर फिरतो आहे. ज्यांना शिकायचं असेल त्यांनी शनिवारी प्रॅक्टिकलनंतर वर्कशॉपच्या सुतारकाम विभागात यावं. पांगारा माझ्याकडे आहे, सीडी आपापली आणा.